फोटोत माणूस नको

गॅरेजमध्ये तिला सगळे भाची म्हणत. मामांनी पहिल्या दिवशी ओळख करून दिली, "ही माझी भाची, आजपासून फोटो ही काढेल," आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही. मामांपेक्षा वयाने मोठा असलेला डेंटर, म्हणजे गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा कारागीर, तोसुद्धा "भाची आली का?" असंच विचारायचा. याचा एक उलटा परिणाम झाला. ज्यांना आधी लोक साहेब म्हणत ते विम्याचे सर्व्हेअर आता आख्ख्या गॅरेजचे मामा झाले. हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. साहेबाला लोक दबकून असतात; मामाकडे हट्ट धरतात.

मामांचं काम सांगायला सोपं होतं. गाडी ठोकली की मालक विमा कंपनीला कळवतो, कंपनी मामांना पाठवते आणि मामा ठरवतात की नुकसान किती झालं, त्यातलं या धडकेचं किती आणि या निमित्ताने मालकाला फुकटात उरकून घ्यायचंय ते किती. यातलं तिसरं शोधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. फोटोत मात्र ते पार ढ होते. प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा यायचा. "मामांच्या फोटोत अंगठ्याच्या मागे गाडी शोधावी लागायची," असं डेंटर सांगायचा. म्हणून बारावीनंतरच्या सुट्टीत भाची मदतीला आली. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती आणि सुट्टी अजून संपली नव्हती.

फोटो काढायचे नियम मामांचे होते आणि ते देवालाही बदलता आले नसते. आधी गाडी चारही कोपऱ्यांतून. मग नंबर प्लेट. मग किती किलोमीटर पळाली तो आकडा. मग नुकसान: लांबून, मधून, जवळून, आणि जवळून काढताना शेजारी पट्टी धरायची, म्हणजे पोचा बशीएवढा आहे की परातीएवढा याबद्दल पुढे वाद नको. काढलेला एकही फोटो पुसायचा नाही. कॅमेरा फोटोंना ओळीने नंबर देतो आणि मधला नंबर गायब दिसला की कंपनी विचारते, काय लपवलंत? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटोत माणूस नको.

"का?" भाचीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"पत्रा गप्प असतो. माणूस फोटोत आला की काहीतरी सांगायला लागतो, आणि मग भानगड होते."

एरवी मामांना 'तू' म्हणणारी भाची गॅरेजच्या फाटकाच्या आत 'तुम्ही' म्हणायची. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि तीन वर्षं तिने एकाही माणसाचा फोटो काढला नाही. मालक मध्ये आला की ती हाताने बाजूला सारायची, माश्या हाकलतात तशी.

कॉलेजचं खूळ शिरलं ते एका निळ्या गाडीमुळे. कॉलेजच्या आवारात पाण्याच्या टँकरने मागे येताना त्या गाडीचा बंपर आत घातला होता. मामा कागदपत्रं बघत होते. भाचीने कॅमेरा खिशात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली, मग कॅमेरा काढला, चार कोपरे घेतले आणि शेवटी सरळ जमिनीवर पालथी पडून बंपरची खालची बाजू टिपली. उठून कपडे झटकताना तिच्या लक्षात आलं की गाडीची मालकीण हातात चहाचा कप घेऊन तिच्याकडेच बघतायत. मालकीण त्याच कॉलेजात फोटोग्राफी शिकवत होत्या.

"आधी कॅमेरा खिशात ठेवून फिरलात. ते का?" मॅडमनी विचारलं.

"आधीच कॅमेऱ्यातून बघितलं की तेवढंच दिसतं."

"कुठे शिकलात?"

"मामांकडे."

मॅडमनी अंगठ्यांच्या धन्याकडे एकदा आदराने बघून घेतलं. मामांनी कागदपत्रांतून मान वर काढली नाही. "आमच्याकडे तीन वर्षांची पदवी आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रवेश चालू आहेत. स्वतःचे दहा फोटो घेऊन या. बघू तरी."

परत येताना मामा गाडी चालवत होते. दोन गतिरोधक त्यांनी सावकाश ओलांडले. मग म्हणाले, "क्लेम पास होईपर्यंत लोक मलासुद्धा देखणा म्हणतात."

"त्यांनी मला देखणी म्हटलं नाही."

"तेच सांगतोय. तुला त्याहून मोठं काहीतरी म्हणाल्या. दारावरचा ओरखडा बघितलास? जुना आहे. आत धूळ बसलीय. तो मी क्लेममधून कापणार."

आणि त्यांनी तो कापला. भाचीला वाटलं, संपलं कॉलेज.

घरी या विषयावर जी चर्चा झाली तिला चर्चा म्हणायचं ते केवळ सगळे बसून बोलत होते म्हणून. आई चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बसवून तिला समोरच्याचं तोंड किंचित वाकडं आहे असं धरूनच चालायची सवय लागली होती. ती मामांची थोरली बहीण. टक्कल पडलेल्या, विमा कंपन्यांना घाम फोडणाऱ्या आपल्या भावाला ती अजून बाळ्या म्हणायची.

"फोटो काढायला तीन वर्षं?" मामा म्हणाले. "उद्या शिंकायची पदवी काढतील."

"तू तिला तीन वर्षं सुट्टीवर ठेवलंयस बाळ्या, ते चालतं?"

"सुट्टी कसली ताई! तयारी चाललीय. सर्व्हेअरची परीक्षा देईल, पुढे माझी कामं तीच बघेल. तिची नजर बघ. परवा एका पठ्ठ्याने दुसऱ्याच गाडीचा फुटलेला दिवा लावून आणला होता. हिने लांबून ओळखलं."

"मग फोटो चांगले काढते म्हणून शिकव, नाहीतर दिवे चांगले ओळखते म्हणून ठेव. एक काय ते बोल."

बाबा बोटीवर नोकरीला होते. त्यांचं मत फोनवरून यायचं आणि नेहमी अर्धंच पोचायचं. "माझं स्पष्ट म्हणणं आहे की हिने काहीही झालं तरी..." इतकं ऐकू आलं आणि लाइन गेली. आईने ते आपल्या बाजूने धरलं, मामांनी आपल्या.

अडचण वेगळीच होती. खुद्द भाचीला काही ठरवता येत नव्हतं. मामांची परीक्षा तिला जमली असती. तिथे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि बहुतेक उत्तरं तिला येत होती. कामही तिला आवडायचं. पण ती करत होती ते फोटो काढणं होतं की मोजमाप, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि नुसत्या मोजमापासाठी कॉलेजात जाणं म्हणजे लोकांचा आणि आपला वेळ खाणं. दहा फोटो काढून बघू, जमलं तर जमलं, असं तिने ठरवलं. म्हणजे काहीच ठरवलं नाही.

रविवारी सकाळी तिने आईला खिडकीपाशी उभं केलं. आईने केस नीट केले, पदर सारखा केला, चेहरा हसरा केला. भाचीने समोरच्या एका कोपऱ्यातून फोटो काढला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग ती आईच्या मागे गेली.

"मागून कशाला गं?"

"चारही कोपरे हवेत."

"मला कोपरे आहेत?"

चार झाल्यावर भाची जवळ आली. चष्म्याने आईच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पडलेले पोचे तिने आधी लांबून, मग मधून घेतले आणि जवळून घेण्यासाठी नाकाला पट्टी लावली. आईचं हसू इथपर्यंत टिकलं होतं. आता मावळलं.

"माझा क्लेम करणार आहेस का?"

सोफ्यावर पेपर वाचत बसलेले मामा पेपरमागून म्हणाले, "मिळणार नाही. ती वापरातली झीज आहे."

आईने पट्टी हिसकावून घेतली आणि कुणाच्या तरी पाठीत घातली. पेपरमागून "ताई!" असा आवाज आला, म्हणजे ती बरोबर जागी लागली होती.

मॅडमनी हे सगळे फोटो टेबलावर मांडले. खोलीत भिंतीला टेकून मुलांची कामं ठेवली होती: धुकं, म्हातारे हात, पाण्यातली प्रतिबिंबं. त्यांच्यासमोर आईची मागची बाजू फारच सरकारी दिसत होती. कापलेल्या ओरखड्याबद्दल मॅडमनी एका शब्दाने विचारलं नाही. आता त्या भाचीला 'तू' म्हणत होत्या, आणि याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, हे भाचीला समजेना.

"आई आवडली मला," मॅडम म्हणाल्या. "नाक तर फारच. फोटो स्वच्छ आहेत, उजेड नीट आहे, कुठे हललेले नाहीत. पण यातला एकही तू काढलेला नाहीस."

"मीच काढलेत."

"बोट तुझं होतं. उभं कुठे राहायचं ते कुणी ठरवलं?"

भाचीने टेबलावरचे चार कोपरे परत बघितले. ते मामांनी ठरवलं होतं.

"एक फोटो आण," मॅडम म्हणाल्या. "दहा नकोत, एकच. जिथे उभं राहायचं ते तू ठरवलंस असा. शुक्रवारपर्यंत."

"एकाच फोटोवरून काय कळणार?" भाचीच्या तोंडून निघून गेलं. "एका फोटोवर आमचे मामा चहाचं बिलसुद्धा पास करणार नाहीत."

मॅडम मोकळ्या हसल्या, पण शुक्रवार काही मागे सरकला नाही. "नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. मामांचं काम चांगलं आहे, आणि तू ते चांगलं करतेस. पण ते काम आणि हे काम एक नाही, आणि कुठलं हवंय ते मी नाही सांगू शकत."

पुढचे काही दिवस भाचीने फुकट घालवले. तिने धुक्याची वाट बघितली, ते पडलं नाही. म्हाताऱ्या हातांसाठी तिने डेंटरला विचारलं. तो दोन्ही हात साबणाने स्वच्छ धुऊन आला आणि धुतल्यावर ते अगदी सामान्य निघाले.

आणि मग बुधवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांची गाडी ठोकल्याचा निरोप आला.

गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी सरांनीच शिकवली होती. मामांनाही. चौकात, सगळ्यांच्या देखत, "क्लच! क्लच! क्लच म्हणजे काय विसरलास का?" असं त्यांनी मामांना विचारलेलं मामा अजून विसरले नव्हते. त्यामुळे दारात उतरल्यावर मामांनी शर्ट नीट खोचला आणि आवाज बारीक केला.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा घोटाळा करू लागला की शिकवणारा तो दाबतो. सरांची सगळी हयात त्या शेजारच्या सीटवर गेली होती. त्या दिवशी शिकवणी नव्हती. गाडी धुवायला न्यायची म्हणून ते एकटेच निघाले आणि स्वतःच्या स्कूलच्या फाटकाचा खांब त्यांनी दारासकट गाडीत घेतला.

"खांब दिसला नाही का सर?" मामांनी अदबीने विचारलं.

"चांगला दिसला. दिसल्याबरोबर मी ओरडलो, ब्रेक!"

"मग?"

"मग काय मग? कुणी दाबलाच नाही."

मामा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. समोरच्या दुकानातला शिंपी रस्ता ओलांडून मुद्दाम साक्ष द्यायला आला. आरोळी त्याने ऐकली होती, वर बघितलं होतं आणि गाडीत सरांशिवाय कुणी नव्हतं. "आवाज मात्र खणखणीत होता," असंही त्याने सांगितलं. त्याने सरांना बरं वाटलं नाही.

भाचीने चार कोपरे घेतले, नंबर प्लेट घेतली, आकडा घेतला. चालवणाऱ्याकडचं दार बाहेरच्या बाजूला वाकलं होतं आणि बंद होत नव्हतं. ते तिने लांबून, मधून, जवळून घेतलं. पाटीसुद्धा घ्यावी लागली. दारावर 'सुरक्षित' एवढंच उरलं होतं, पुढचा शब्द पत्र्याच्या घडीत गेला होता. सर मध्ये मध्ये येत होते, ती त्यांना हाताने बाजूला करत होती. शेवटी ते वैतागून गाडीच्या पलीकडून जाऊन आत बसले. सवयीने शेजारच्याच सीटवर.

मामा शिंप्याचं म्हणणं लिहून घेत होते. भाची पट्टी खिशात घालत होती. सर समोरच्या काचेतून खांबाकडे बघत होते, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, आणि त्यांचा पाय खालच्या ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला नव्हता. पूर्ण दाबलेला होता. गाडी बंद होती, चाक खांबात अडकलं होतं, आणि सर जीव खाऊन ब्रेक दाबत होते.

भाचीने कॅमेरा खाली घेतला. समोरून बूट दिसत नव्हता. खिडकीतून चेहरा दिसायचा पण गुडघा मध्ये यायचा. ती फिरून वाकलेल्या दारापाशी आली, उकिडवी बसली, थोडी मागे सरकली, अजून थोडी. तिथून त्या फटीतून बूट, ताणलेला पाय, चेहरा आणि काचेपलीकडचा खांब असं सगळं एकदम दिसलं. तिने एकच फोटो काढला. सरांना समजलंही नाही.

ऑफिसमध्ये आल्यावर तिने नेहमीप्रमाणे सगळे फोटो निवडले आणि कंपनीला पाठवून दिले. त्या एका फोटोचा विचार ती वाटभर करत होती, पण तो कंपनीला जाईल हा विचार तिला शिवला नाही. बोटं आपलं काम करून मोकळी झाली.

गुरुवारी दुपारी कंपनीचा प्रश्न आला. मामांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर आवाज खाली आला. जबाबानुसार मालक स्वतः गाडी चालवत होते. सोबतच्या फोटोत मालक शेजारच्या सीटवर बसलेले आहेत. गाडी विना-परवाना शिकाऊ व्यक्ती चालवत होती काय? खुलासा करावा, तोवर क्लेम थांबवण्यात येत आहे.

मामांनी फोटो उघडला. टायरच्या दुकानावरच्या त्या लहानशा ऑफिसमध्ये खालून हवा भरण्याचा आवाज येत होता.

"हे काय आहे?"

"सर."

"सर दिसतायत मला. नुकसान कुठलं दाखवलंयस यात?"

भाचीने बोट ठेवलं. "तो पाय बघा. ब्रेक दाबतायत."

"आता?"

"हो ना. तेव्हाचा राहिला होता, तो आता दाबतायत."

मामा पडद्याच्या जवळ गेले. हसू फुटणार होतं, ते त्यांनी दाबलं. मग त्यांचा चेहरा जरा वेगळा झाला. चौकात क्लचच्या नावाने ओरडणारा माणूस इतका लहान त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणून सांगतो, फोटोत माणूस नको," ते म्हणाले. "तुझ्या या एका फोटोने धडधडीत खरं बोलणारा माणूस खोटारडा ठरला. म्हातारा कामातून गेला असता."

फोटो काढताना तिला फक्त बूट दिसावा एवढंच हवं होतं. तोच फोटो कुठल्यातरी टेबलावर कुणी दुसराच माणूस असा वाचेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"निस्तरू," मामांनी कीबोर्ड पुढे ओढला. "शिंप्याचा जबाब आहेच. वर लिहितो, नवीन सहायकाकडून चुकून फोटो निघाला, तो विचारात घेऊ नये. सही करतो, विषय संपला. तूही सोडून दे. सोमवारपासून परीक्षेचं पुस्तक काढ."

हे सोपं होतं. त्यात सगळ्यांचं भलं होतं. भाचीने "बरं" म्हणायला तोंड उघडलं.

"चुकून नाही काढला," ती म्हणाली.

"काय?"

"मुद्दाम काढला. आधी समोरून बघितलं, मग खिडकीतून, मग फिरून दाराकडे गेले, खाली बसले, मागे सरकले. चुकून पाठवला. काढला मुद्दाम."

"असं लिहू मी कंपनीला?"

"लिही."

गेल्या तीन वर्षांत कामाच्या जागी तिने त्यांना पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. दोघांच्याही ते ध्यानात आलं; दोघांनीही तसं दाखवलं नाही.

मामा खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी भाचीकडे बघितलं. ठोकलेल्या गाडीकडे बघायचे तसंच, वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

"गाडी फारच गेलेली असली ना," ते म्हणाले, "म्हणजे नीट करायचा खर्च गाडीच्या किमतीवर जातो, तेव्हा आम्ही दुरुस्ती लिहीत नाही. टोटल लॉस लिहितो. सर्व्हेअर म्हणून तुझं आता तसं झालंय. उद्या बंपर बघायला पाठवली तर तू मालकाचे बूट बघत बसशील. माझ्या उपयोगाची राहिली नाहीस."

"म्हणजे जाऊ?"

"मी कुठे जा म्हणालो? मी माझा अहवाल दिला. पुढचं मालकाने ठरवायचं असतं."

मग त्यांनी खुलासा लिहिला. त्यांना तो लिहायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. सदर फोटो तपासणीचा भाग नसून फोटोग्राफरने स्वतःच्या इच्छेने काढलेला आहे, असं एक वाक्य त्यात होतं. एरवी ते तिला सहायक लिहायचे. सर तिथे का बसले होते, याचं कारण मात्र त्यांना सुचेना. "वाईट वाटून बसले होते असं लिहिलं तर कंपनी त्याचा पुरावा मागेल," ते म्हणाले आणि दोघंजण परत सरांकडे गेले.

सरांनी फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"सीट फार मागे आहे," ते म्हणाले. "पाय लांबवावा लागतोय. हे चूक आहे."

"सर, तुम्ही त्या सीटवर का बसलात, ते कंपनीला कळवायचंय," मामा म्हणाले.

"मग मी कुठे बसतो? सवयीने, असं लिही. आणि शुद्ध लिही, तुझं अक्षर पूर्वीही असंच होतं."

मामांनी 'सवयीने' असं लिहिलं. कंपनीने ते मान्य केलं. कुणी सुखासुखी रचावं असं ते कारण नव्हतंच.

भाची घुटमळत होती. "सर, हा फोटो कॉलेजात दाखवू का? फोटोग्राफीच्या प्रवेशासाठी. नको असेल तर नाही दाखवणार."

हे तिने वाटेत ठरवलं होतं आणि ते नाटक नव्हतं. सर नाही म्हणाले असते तर उद्या तिच्या हातात काहीच नव्हतं. सरांनी फोटो अजून एकदा बघितला. बराच वेळ. स्वतःच्या बुटाकडे, मग खांबाकडे.

"शिकवताना मी असाच दिसतो?"

"माहीत नाही सर. मी तुमच्याकडे शिकले नाही."

"म्हणून काढू शकलीस. हा काढू शकला नसता," त्यांनी मामांकडे हनुवटी केली. "दाखव. अर्ध्या गावावर मी भर रस्त्यात ओरडलोय. आता एकदा गावाने माझ्याकडे बघितलं म्हणून काय झालं? पण एक प्रत मला दे. पोरांना दाखवीन. ब्रेक असा दाबायचा असतो, फक्त वेळेवर."

शुक्रवारी मॅडमनी तो फोटो टेबलावर एकटाच ठेवला आणि बघत राहिल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला; मग तो हलायचा थांबला.

"इथेच का बसलीस?"

"दुसरीकडून बूट दिसत नव्हता. आणि अजून पुढे गेले असते तर त्यांना समजलं असतं. मग त्यांनी पाय उचलला असता."

मॅडमनी मान हलवली. भाचीने मग न विचारता बाकीचंही सांगून टाकलं: फोटो कंपनीला कसा गेला, त्यांनी तो कसा वाचला, क्लेम कसा थांबला. "मला हेच कळत नाहीये," ती म्हणाली. "मी एक बघितलं, त्यांनी दुसरं बघितलं, आणि दोन्ही फोटोत आहे. हे काढायच्या आधी कसं कळायचं?"

"आधी कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "कळायला लागेल की नाही हेही मी सांगू शकत नाही. इथे तीन वर्षं आपण त्यावरच भांडतो. जागा आहे. हवी असेल तर दुपारपर्यंत सांग. विचार करायला बाहेर बाक आहे."

भाची बाकावर बसली नाही. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, मागे वळली, मॅडमच्या दारात येऊन "हवी आहे" म्हणाली आणि मग बाहेर येऊन मामांना फोन लावला. फोनमध्ये मामांच्या मागून गॅरेजात पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"जागा मिळाली."

"घेतलीस?"

"घेतली."

ठोकणं चालू राहिलं. कुणीतरी डेंटरला काहीतरी सांगितलं असावं, कारण ते एकदम थांबलं.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यापासून."

"मग उद्या सकाळी ये. हायवेला ट्रक आडवा झालाय, टोमॅटोसकट. तिथे नुसता चिखल झालाय, बूट घालून ये."

"येते. आणि मामा, माणसं काढणार नाही. नक्की."

"काढ ना," मामा म्हणाले. "फक्त वेगळ्या मेमरी कार्डावर काढ."